१,४०,००० : एका आकड्याचा पाठलाग

"सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य कसं लिहायचं?" हा प्रश्न पीईटी देऊन बसलेल्या बऱ्याच जणांनी विचारला आहे. सल्ला देण्याऐवजी आज मी माझंच एक वाक्य तुमच्यासमोर उलगडून ठेवते. ते चुकलं होतं, आणि ते का चुकलं हे समजायला मला जवळपास चार महिने लागले.

माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: "नोमा हा तोंडाचा जीवघेणा संसर्ग असून जगात दरवर्षी त्याचे १,४०,००० नवे रुग्ण आढळतात. नंदुरबारसारख्या कुपोषणग्रस्त जिल्ह्यात हा धोका गंभीर आहे."

वाक्य छान भारदस्त वाटत होतं. सरांनी "आढळतात" या शब्दाखाली रेघ मारली आणि बाजूला दोनच शब्द लिहिले: "कुणाला आढळले?"

मला वाटलं, सोपं आहे. संदर्भ काढायचा आणि चिकटवायचा. पण एका पेपरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात राहिले तरी रुग्ण मोजणारं कुणी सापडेना. प्रत्येक जण आधीच्याकडे बोट दाखवत होता. ही पोस्ट त्या पाठलागाबद्दल आहे. नोमावरचं संशोधन कुठे भक्कम आहे, कुठे पोकळ आहे, आणि ते नंदुरबारला लावताना काय गडबड होते, ते बघू.

आधी आजार समजून घ्या

नोमाला वैद्यकाच्या पुस्तकात कॅनक्रम ओरिस असंही नाव आहे. 'नोमा' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ चरणे. गुरांनी कुरण चरत जावं तसा हा आजार गाल, ओठ, हाड खात जातो. बहुतेक रुग्ण दोन ते सहा वर्षांची मुलं असतात. सुरुवात हिरड्यांपासून होते. हिरड्या लाल होतात, रक्त येतं, मग दातांच्या मधल्या हिरडीवर व्रण पडतात आणि तोंडाला घाण वास सुटतो. त्यानंतर गाल सुजतो. सुजेपासून गँगरीनपर्यंतचा प्रवास काही दिवसांत उरकतो. उपचार मिळाले नाहीत तर दहापैकी नऊ मुलं दगावू शकतात असं सांगितलं जातं. जी वाचतात त्यांचा चेहरा कायमचा विद्रूप होतो, कित्येकांचा जबडाच उघडत नाही.

आता यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. सुरुवातीच्या टप्प्यात हा आजार अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल, गुळण्या आणि पोटभर सकस आहार एवढ्यावर थांबवता येतो. ही औषधं कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात असतात. म्हणजे मरण आणि वाचणं यांच्यामध्ये काही रुपयांची औषधं आणि काही दिवस एवढंच अंतर आहे. कुणीतरी मुलाचं तोंड उघडून बघायला हवं, बस.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये नोमाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. त्यासाठीची मागणी नायजेरियाने पुढे नेली होती. यादीत आल्याने पैसा आणि लक्ष मिळतं हे चांगलंच झालं. पण त्या यादीच्या बातम्यांमध्येही तोच जुना आकडा होता: १,४०,०००.

आकडा आला कुठून?

हा आकडा १९९८ चा आहे. त्याच्या जोडीला आणखी एक येतो: आजारातून वाचलेले सुमारे ७,७०,००० लोक. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेचे अंदाज आहेत. अंदाज, मोजणी नव्हे. ज्या भागात मुलांच्या मृत्यूचीच धड नोंद होत नाही, तिथे एखाद्या आजाराची नोंद कुठून येणार? अंदाज करणाऱ्यांचा यात दोष नाही. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांनी काहीतरी ठेवलं. दोष आपला, म्हणजे पुढे लिहिणाऱ्यांचा. आपण "अंदाज आहे" याचं "आढळतात" केलं, आणि १९९८ चं "दरवर्षी" केलं.

२००३ मध्ये फीगर आणि सहकाऱ्यांचा वायव्य नायजेरियावरचा पेपर आला. हा तुम्ही जरूर वाचा, कारण त्यातली युक्ती शिकण्यासारखी आहे. सोकोटो इथे नोमाच्या रुग्णांसाठी खास रुग्णालय आहे. तिथे दुभंगलेल्या ओठांची मुलंही शस्त्रक्रियेला येतात. दुभंगलेला ओठ दर हजार जन्मांमागे साधारण किती, हे माहीत असतं. मग रुग्णालयात नोमाचे रुग्ण आणि दुभंगलेल्या ओठांचे रुग्ण यांचं प्रमाण काढायचं, आणि त्यावरून समाजातल्या नोमाचा अंदाज बांधायचा. या वाटेने त्यांना जगभरासाठी वर्षाला ३०,००० ते ४०,००० रुग्ण असा अंदाज मिळाला.

आता तुम्हीच सांगा, १,४०,००० की ३५,०००? चौपट फरक आहे. आणि तरीही बहुतेक लेखांच्या प्रस्तावनेत मोठाच आकडा दिसतो. कारण उघड आहे. मोठा आकडा प्रस्तावाला वजन देतो. मीही तोच उचलला होता, आणि तेव्हा दुसरा आकडा मला माहीतही नव्हता.

पण फीगर यांची युक्तीही डोळे झाकून घेऊ नका. तिच्या पोटात एक गृहीतक आहे: दोन्ही प्रकारची मुलं रुग्णालयात सारख्याच प्रमाणात पोचतात. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेलं मूल एरवी धडधाकट असू शकतं, त्याला घेऊन आईबाप सवडीने येऊ शकतात. नोमाचं मूल मात्र आधीच उपाशी, आधीच तापाने खंगलेलं असतं, आणि त्याच्याकडे दिवस थोडे असतात. दोघांची वाट सारखी कशी असेल?

शिवाय वाचलेल्यांवरून मागे मोजायचं म्हटलं तर मृत्युदर कळीचा होतो. गंमत म्हणून हिशोब करा. समजा १०० मुलं वाचलेली दिसली. मृत्युदर ९० टक्के धरला तर मूळ रुग्ण १,०००. ८० टक्के धरला तर ५००. ७० टक्के धरला तर साधारण ३३३. शंभर मुलं तीच, पण एका गृहीतकाने उत्तर तिपटीने हललं. मृत्युदर तरी कुणी मोजला? जी मुलं घरीच गेली त्यांची नोंद कुणाकडे आहे? पेपर वाचताना असं एक गृहीतक पकडून थोडं हलवून बघायचं. सगळी इमारत हलत असेल तर वहीत नोंद करून ठेवायची.

घरोघरी गेलं तर?

"मग सरळ सर्वेक्षण करा ना," असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. पुन्हा एक हिशोब करू, आकडे काल्पनिक आहेत. समजा एखाद्या भागात वर्षभरात दर हजार मुलांमागे एकाला नोमा होतो. हा झाला इन्सिडन्स, म्हणजे नव्या रुग्णांचा दर. आजाराचा तीव्र टप्पा दोन आठवडे टिकतो असं धरा. तर एखाद्या ठरावीक दिवशी किती मुलं त्या टप्प्यात सापडतील? हजारात एक, गुणिले ५२ पैकी २ आठवडे. म्हणजे २६,००० मुलांमागे एक. हा झाला प्रिव्हॅलन्स, म्हणजे त्या दिवशी आजारी असलेल्यांचं प्रमाण.

हजारात एक हा दर काही लहान नाही. तरी एक मूल दिसायला २६,००० तोंडं तपासावी लागतील. चारशे मुलांच्या सर्वेक्षणात "नोमा आढळला नाही" असं लिहिलं तर ते खरं आहे, पण त्यातून काहीच कळत नाही.

फार्ली आणि सहकाऱ्यांनी वायव्य नायजेरियात हे प्रत्यक्ष केलं. २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या पेपरात ७,१२२ मुलं तपासली आहेत. निष्कर्षात नोमाचं प्रमाण ३.३ टक्के दिसतं. घाबरू नका, तक्ता उघडा. त्यातले ३.१ टक्के हे साध्या हिरड्यांच्या सुजेचे आहेत, कारण टप्प्यांच्या वर्गीकरणात ती 'टप्पा शून्य' म्हणून धरली जाते. व्रण पडलेल्या हिरड्या ०.१ टक्के, गालाची सूज त्याहून कमी, आणि गँगरीनपर्यंत गेलेलं मूल एकही नाही. नोमाचा सगळ्यात परिचित प्रदेश, सात हजारांवर मुलं, आणि पुढच्या टप्प्यातलं एकही मूल नाही. आपला २६,००० चा हिशोब इथे जिवंत होतो.

माझी टीका वर्गीकरणावर आहे. हिरडी सुजलेली बहुतेक मुलं कधीच नोमाकडे जात नाहीत. टप्पा शून्य हा सावधानतेचा इशारा म्हणून उत्तम आहे, कारण आरोग्य सेविकेला तिथेच थांबून बघायला तो शिकवतो. पण तोच टप्पा रुग्णसंख्येत मिळवला की आकडा फुगतो. इशारा मोजायचा की आजार, हे पेपरने शीर्षकातच स्पष्ट करायला हवं.

जंतू कोणता?

मी सूक्ष्मजीवशास्त्राची, त्यामुळे माझा जीव या प्रश्नात. नव्वदच्या दशकात फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम या जंतूवर बराच संशय होता. मग नायजरमध्ये मोठा केस-कंट्रोल अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये बरत्ती-मेयर आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. तीव्र नोमाची ८२ मुलं आणि तुलनेसाठी ३२७ मुलं. एकच गुन्हेगार जंतू सापडला नाही. उलट फ्युसोबॅक्टेरियमचं प्रमाण आजारी मुलांत कमी निघालं, प्रिव्होटेला इंटरमिडियासारख्यांचं जास्त. ठळकपणे पुढे आलं ते वेगळंच: खुंटलेली वाढ, रोडावलेलं शरीर, आईची बरीच बाळंतपणं, आणि अलीकडे येऊन गेलेले ताप-जुलाबासारखे आजार.

माझ्या मते नोमावरच्या संशोधनातलं हे सगळ्यात प्रामाणिक काम आहे. पण मर्यादा लक्षात घ्या. नमुना घेतला तेव्हा ऊती आधीच सडू लागली होती. सडलेल्या ऊतीत कोण राहतं आणि सडवलं कुणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आगीच्या ठिकाणी बंब उभा दिसतो म्हणून बंबाने आग लावली असं आपण म्हणत नाही. आधीचा नमुना हवा असेल तर हजारो निरोगी मुलांचे नमुने घेऊन वाट बघायला हवी, आणि मूल आजारी पडताना दिसलं की उपचार करायलाच हवेत. म्हणजे इथे प्रयोगाला नीतिमत्तेची भिंत आहे, आणि ती असायलाच हवी.

आता नंदुरबार

माझं दुसरं वाक्य आठवा: "नंदुरबारसारख्या कुपोषणग्रस्त जिल्ह्यात हा धोका गंभीर आहे." याला आधार काय? कागदावर जोखमीचे घटक दिसतात. अक्राणी आणि अक्कलकुव्यातलं कुपोषण आपण वर्षानुवर्षं बातम्यांत वाचतो. गोवरानंतर नोमा होऊ शकतो, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आपण पाहिली. भारतातून नोमाचे तुरळक रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत येतही असतात. पण "जोखमीचे घटक आहेत" आणि "आजार आहे" यांच्यामध्ये एक मोठी दरी आहे. ती मी एका 'सारख्या' शब्दाने बुजवली होती.

मग उलट म्हणायचं का, की इथे नोमा नाही? तेही म्हणता येत नाही. का, ते बघा.

पहिली अडचण वयाची. तोंडाच्या आरोग्याची सर्वेक्षणं जागतिक आरोग्य संघटनेच्या ठरावीक वयांवर चालतात: ५, १२, १५, ३५ ते ४४ आणि ६५ ते ७४. २००२-०३ च्या आपल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही हीच वयं होती. दातांच्या किडीसाठी ती योग्य आहेत. पण नोमाच्या वयातलं त्यात फक्त ५ येतं. तपासणीच्या फॉर्मवर हिरड्यांच्या तीव्र व्रणांसाठी कोड आहे, पण दोन-तीन वर्षांचं मूल खुर्चीवर बसवलंच जात नाही. रकाना आहे, मूल नाही.

दुसरी अडचण जागेची. आदिवासी मुलांवरचे कितीतरी अभ्यास आश्रमशाळांत होतात. मुलं एका जागी मिळतात, परवानगी एकाच ठिकाणी मागायची, दोन दिवसांत काम उरकतं. पण आश्रमशाळा पहिलीपासून सुरू होते, आणि जे मूल आजारी आहे ते घरी पाठवलेलं असतं. शिवाय दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, लहान मुलं बरोबर. जानेवारीत पाड्यावर गेलात तर निम्मी घरं बंद. नर्मदेच्या काठच्या काही पाड्यांवर तर अजून बोटीने जावं लागतं. हा नमुना कुणाचा प्रतिनिधी? जे पोचू शकले त्यांचा.

तिसरी अडचण भाषेची, आणि ही मी स्वतः खाल्लेली ठेच आहे. धडगावकडच्या एका अंगणवाडीत मी आयांना विचारत होते, "बाळाला तोंड आलं होतं का?" प्रत्येकीने मान हलवली. हो, हो, हो. माझा तक्ता भरत चालला, मी खूश. शेवटी तिथल्या सेविकाताई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही विचारताय ते सगळ्यांनाच होतं." मराठीत 'तोंड येणं' म्हणजे साधा फोडही, बुरशीचा पांढरा थरही, जीवनसत्त्वाच्या कमतरतेने चिरलेले ओठही, आणि हिरडीचा सडका व्रणही. त्यात त्या बायकांची घरची भाषा पावरी, मराठी नव्हेच. मग ताईंनी त्यांच्या भाषेत तीन वेगळे प्रश्न विचारले: पांढरं दिसत होतं का, हिरडीतून रक्त येत होतं का, तोंडाला वास मारत होता का. 'हो'चे ढीग वेगवेगळे झाले. माझी सकाळची सगळी पानं मी त्याच दिवशी रद्द केली. लोकांना कळत नव्हतं असं नाही. प्रश्नच आंधळा होता.

चौथी अडचण शब्दांची. किती पेपरांच्या चर्चा-विभागात तुम्ही वाचलं असेल: "आदिवासी समाजातील अज्ञान आणि अस्वच्छता हे कारण." विश्लेषणात अज्ञान मोजलेलं नसतं, दवाखान्याचं अंतर मोजलेलं नसतं, घरातलं धान्य मोजलेलं नसतं. फक्त 'आदिवासी: होय/नाही' असा रकाना असतो, आणि निष्कर्षात तो रकानाच कारण होऊन बसतो. यावर नोमाचा इतिहासच उत्तर देतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा आजार युरोपातून जवळपास गेला होता, प्रतिजैविकं यायच्या आधीच, कारण लोक नीट जेवू लागले होते. आणि दुसऱ्या महायुद्धात बेल्सन आणि ऑशविट्झच्या छळछावण्यांमध्ये तो परत दिसला. तिथे कुणाची 'परंपरा' आडवी आली होती? उपासमार होती. म्हणून 'आदिवासी' हा शब्द कारणाच्या जागी दिसला की थांबा आणि विचारा, या शब्दाच्या मागे काय मोजायचं राहून गेलंय?

मग मी काय केलं?

दोन्ही वाक्यं खोडली. खरं सांगते, वाईट वाटलं. १,४०,००० गेल्यावर प्रस्ताव एकदम बारीक दिसायला लागला. समितीपुढे "नंदुरबारमध्ये किती रुग्ण?" असं विचारलं तर काय सांगणार, या भीतीने एक रात्र नीट झोप लागली नाही. विषय बदलून प्रयोगशाळेतल्या प्रयोगशाळेत काहीतरी करावं असंही मनात आलं.

आता सुरुवात अशी आहे: "नोमाच्या जागतिक प्रमाणाचे उपलब्ध अंदाज एकमेकांपासून चौपटीने वेगळे आहेत, आणि प्रचलित सर्वेक्षण-पद्धतींत जोखमीच्या वयाची मुलं बहुतांशी सुटतात." यात रुग्ण एकही नाही, पण खोटंही काही नाही. आणि संशोधनाचा प्रश्न आपोआप पुढे येतो: कसं बघितलं तर दिसेल?

त्याला नवी यंत्रणा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात. दुभंगलेला ओठ, दातांचे आजार, तीव्र कुपोषण या गोष्टी त्यांच्या यादीत आहेतच. म्हणजे तोंड उघडलं जातंय. तिथे ओठ वर करून हिरडी बघणं आणि वास, रक्त, व्रण एवढी नोंद करणं शक्य आहे. शिवाय दुभंगलेल्या ओठांची नोंद होतेय, म्हणजे फीगर यांची युक्ती, तिच्या दोषांसकट, इथेही तपासून बघता येईल. गालावर जुना व्रण असलेली मोठी माणसं दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रिया शिबिरांत येतात का, हेही विचारता येईल. नीट शोधूनही काहीच सापडलं नाही, तर तो निकालही मी आनंदाने छापेन. न शोधता 'नाही' म्हणणं आणि शोधून 'नाही' म्हणणं यात एका पीएच.डी.चं अंतर आहे.

तुमच्यासाठी, पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा विचारायचे चार प्रश्न:

१. हा आकडा मोजलेला आहे की बांधलेला? मोजला असेल तर कुणी, कधी?
२. कोणतं एक गृहीतक हलवलं की निष्कर्ष कोसळतो?
३. नमुन्यात कोण येऊच शकलं नाही?
४. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, आणि उत्तर देणाऱ्याने तो कसा ऐकला?

आणि एक गोष्ट संशोधनापलीकडची. लहान मुलाच्या हिरडीतून रक्त, तोंडाला सडका वास आणि गालाला सूज असं एकत्र दिसलं, तर नाव काय ते नंतर ठरवू. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. आकड्यांवर आपण वर्षभर वाद घालू शकतो, त्या मुलाकडे मात्र तेवढा वेळ नसतो.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं पहिलं वाक्य कमेंटमध्ये टाका. सरांची रेघ पडायच्या आधी आपणच एकमेकांना विचारू: कुणाला आढळले?